खाण चालू असतानाच फाटक उघडा

बेळगावात घर बांधणाऱ्या कुणालाही खडीचा दर विचारा, तोंडपाठ असतो. पाऊण इंचीचा वेगळा, अर्धा इंचीचा वेगळा, डस्टचा वेगळा. ती खडी कुठल्या गावच्या टेकडीची, हे मात्र त्याला माहीत नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपण कुणीच ते विचारत नाही. पुणे-बेंगळूर महामार्ग रुंद होतो, खानापूरवरून गोव्याला जाणारा रस्ता रुंद होतो, रिंग रोडची मोजणी निघते आणि शेतकरी ती अडवतात, हलगा-मच्छे बायपास बासमतीच्या शिवारातून जातो म्हणून आंदोलन होतं. रस्ता हवा की नको यावर आपण वर्षानुवर्षं भांडू शकतो. रस्त्याखाली जी टेकडी दळून पसरायची असते तिच्यावर बोलायला कुणाला वेळ नसतो.

मी खाणी बंद करा म्हणणाऱ्यांतला नाही. सिमेंटच्या घरात बसून तसं म्हणणं मला जमत नाही. नदीची वाळू उपसू नका, हेही आपणच म्हटलं आणि त्यातूनच एम-सँडची मागणी वाढली. ती वाळू म्हणजे पुन्हा दगडच, फक्त बारीक केलेला. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते खाणमालकांना आणि पर्यावरणवाल्यांना, दोघांनाही थोडं खटकेल. चालू दगडखाणीतच निसर्गासाठी राखीव जागा ठेवावी. खाण संपल्यावर चार निलगिरीची रोपं लावून फोटो काढण्यापुरती नव्हे, तर सुरुंग उडत असताना, टिप्पर येत-जात असताना. आणि ती जागा लोकांना बघता यावी.

ऐकायला हे विचित्र वाटतं, कारण खणीचं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं आहे: धूळ, ढुम्म आवाज, भिंतींना तडे, तळाशी हिरवट पाणी. ते चित्र खोटं नाही. पण अपुरं आहे. बेळगाव म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचा दक्षिणेकडचा काठ. इथून गोकाककडं सरकलं की वालुकाश्म आणि गारगोटीचा दगड लागतो, पश्चिमेला खानापूर-चंदगडच्या माथ्यावर जांभा. काळ्या दगडाची खण उघडताना आधी माती काढतात, मग मुरूम, मग मऊ मांजऱ्या, आणि त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा घट्ट थर. तो फोडला की उभा कडा तयार होतो. बेळगावच्या पूर्वेकडं मैल न मैल ऊस, भात, ज्वारीची सपाटी आहे. त्या सपाटीत असा कडा निसर्गानं फार कमी ठिकाणी दिलाय. कड्यावर राहणाऱ्या पाखरांना हे आपल्या आधी कळलं.

एका चालू खणीवर पोकलेनच्या ऑपरेटरनं मला वर बोट दाखवून सांगितलं, “त्या टप्प्यावर चुना सांडल्यासारखं दिसतंय की नाही, तिथं बसतंय बघा ते.” ते म्हणजे शृंगी घुबड. हे घुबड काटक्यांचं घरटं करत नाही. कड्याच्या उघड्या टप्प्यावर, एखाद्या झुडपाच्या आडोशाला सरळ अंडी घालतं, साधारण हिवाळ्याच्या सुमारास. टप्प्याखाली त्यानं ओकून टाकलेल्या करड्या केसांच्या गोळ्या पडल्या होत्या, बोटाएवढ्या. एक मोडून पाहिली. आत उंदराचा अख्खा जबडा, पटाशीचे पिवळट दात अजून जागच्या जागी घट्ट. शेजारच्या शिवारात उंदरांसाठी औषध घालणाऱ्या शेतकऱ्याला ही गोळी दाखवायला हवी होती. घुबड दिसलं की अपशकुन म्हणून थुंकणारे आपणच, आणि त्याच घुबडाच्या जिवावर पोतं-दोन पोती भात घरी आणणारेही आपणच.

त्या टप्प्याची गोष्ट इथं महत्त्वाची आहे. खाण कशी उतरवायची याचे सुरक्षा नियम १९६१ पासून आहेत. भिंत एकसलग उभी कापायची नाही, पायऱ्या सोडत, टप्प्याटप्प्यानं खाली जायचं, म्हणजे वरचा दगड सुटला तर खालच्या माणसाच्या डोक्यात पडत नाही. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही खणीच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. पायरी सोडली की तेवढा दगड सोडावा लागतो, म्हणून पायरी कापली जाते आणि भिंत सरळसोट होते. आता बघा: मजुराचा जीव वाचवणारी पायरी हीच घुबडाची बसायची जागा आहे. तसंच पाण्याचं. खणीची एक बाजू उतरती ठेवली तर तिथं उथळ काठ तयार होतो. टिबुकली, हळदीकुंकू बदक, चिखलात चोच घालणारी हिवाळी पाहुणी त्या काठाला येतात. आणि तोच उतार असला तर पाण्यात पडलेलं पोर किंवा म्हैस वर येऊ शकते. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या खणीत कुणीतरी बुडाल्याची बातमी येते, ती बहुतेक वेळा चारी बाजूंनी उभ्या भिंती असलेल्या खणीतली असते. पाखरांना जे हवं आहे ते बरंचसं माणसासाठी आधीच कागदावर लिहिलेलं आहे. पाळलं मात्र जात नाही.

जगात हे कुठं झालंय का? इंग्लंडमधल्या केंब्रिजशायर परगण्यात ग्रेट ऊझ नदीच्या काठी नीडिंगवर्थ इथं वाळू-खडीची मोठी खाण आहे. खाण चालवणारी, तेव्हा हॅन्सन नावाची कंपनी आणि पक्षी-संरक्षणाची आरएसपीबी ही संस्था यांनी खाणकामाबरोबरच करार केला. एक टप्पा खणून झाला की त्याला हवा तसा उतार आणि पाण्याची पातळी द्यायची, तो आरएसपीबीच्या ताब्यात द्यायचा आणि यंत्रं पुढच्या टप्प्यावर न्यायची. असं करत तीसेक वर्षांत सुमारे ७०० हेक्टरांचं पाणथळ राखीव क्षेत्र उभं करायचं, त्यात मोठा भाग वेतासारख्या उंच गवताचा, असा तो बेत. ऊझ फेन हे त्याचं नाव. वेतात लपून राहणारा बिटर्न नावाचा बगळा त्या देशातून जवळजवळ नाहीसा झाला होता. तो तिथं येऊन वाढला. लोकांना फिरायला पायवाटा आहेत आणि पायवाटेवरून चालू खाणही दिसते.

तिकडचं इकडं जसंच्या तसं उचलता येणार नाही, हे सांगायला नको. तिथली जमीन सपाट, ओली, खाली वाळू-गोटे; आपल्याकडं घट्ट दगड आणि खोल खड्डा. तिथं वेताचं रान होतं, इथं होईल कडा आणि डोह. तिथं शेकडो हेक्टरांची एक खाण, इथं दोन-चार एकरांच्या खणी एकमेकींना चिकटून. पण करार आधी झाला, खड्डा नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो कुठल्याही दगडाला लागू होतो. आपल्याकडं आधी खड्डा होतो. मग पाणी. मग कुणीतरी बुडतं. मग कुंपण घाला म्हणून निवेदन जातं. नशीब चांगलं असलं तर कोल्हापूरच्या इराणी खणीसारखा उपयोग सापडतो आणि पंचगंगेऐवजी गणपती तिथं जातात. ते चांगलंच झालं, पण ते खाण खणणाऱ्यांनी ठरवलेलं नव्हतं.

कामाच्या जागेवर पाखरं राहणार कशी, असं विचारणाऱ्यांनी लांब जायचीही गरज नाही. घटप्रभा पक्षी अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, गोकाकजवळ. १९७४ साली जाहीर झालेलं, जेमतेम ३० चौरस किलोमीटरचं. त्याच्या पोटात काय आहे? धुपदाळचा ब्रिटिशकालीन बंधारा. तो पाखरांसाठी कुणी बांधला नव्हता, कालव्यात पाणी सोडायला बांधला, आणि ते काम तो आजही करतो. पाणी साठलं, बेटं झाली, हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरू लागले, तेव्हा सरकारनं पाटी लावली. अभियंत्याचं काम आणि करकोच्याचं काम एकाच पाण्यावर चाललंय. बंधाऱ्याला जे चालतं ते खणीला का चालू नये? धुळीचं आणि आवाजाचं उत्तर मला मान्य आहे, क्रशरच्या शेजारी कुणी घरटं करणार नाही. पण खणीत एका वेळी एकाच तोंडावर काम चालतं. बाकीच्या भिंती महिनोन् महिने तशाच असतात.

आता फाटकाकडं येतो, कारण माझा खरा मुद्दा घुबड नाही, फाटक आहे.

खण ही जिल्ह्यातली सर्वांत बंद जागा आहे. साखर कारखान्यात शाळेची सहल जाते, हिडकल धरणावर लोक डबे घेऊन जातात. खणीच्या फाटकावर वॉचमन असतो आणि त्याचं काम एकच, आत कुणी येऊ नये. परवाना किती एकरांचा आणि खणलंय किती, खोली किती, रात्री ट्रक निघतात का, सुरुंगाची वेळ कुठली, यातलं काहीही गावातल्या माणसाला आत जाऊन बघता येत नाही. खातं बघतं म्हणावं तर एका अधिकाऱ्यामागं किती खणी असतात ते खात्यालाच माहीत. अशा जागेत महिन्यातून दोन रविवार पंचवीस पोरं दुर्बिणी घेऊन आली, त्यांनी ठरलेल्या मचाणावरून कडा बघितला, वहीत नोंद केली, तर काय होईल? पाखरं मोजायला आलेल्याला ट्रकही दिसतात. गेल्या महिन्यात जिथं पायरी होती तिथं आता सरळ भिंत आहे, हे त्याच्या फोटोत आपोआप येतं. राखीव जागेचा सर्वांत मोठा फायदा मला हा दिसतो: गावाला आत बघायचा हक्क मिळतो, आणि तोही भांडण न करता, मास्तर आणि पोरं पुढं घालून.

एक गोष्ट मात्र फाटकावर लिहायची नाही, कुठल्या टप्प्यावर घुबड बसतं ती. दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडं पळवली जातात हे या भागात सगळ्यांना माहीत आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, हा हिरवा रंग आहे. खाणमालक एका कोपऱ्यात चार बदकं दाखवील आणि त्या जोरावर शेजारची टेकडी मागेल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला अर्धवट उत्तर देण्यात अर्थ नाही. म्हणून राखीव जागेचा आणि नव्या परवान्याचा संबंध सुरुवातीलाच तोडावा लागेल. राखीव जागा ही आहे त्या परवान्याची अट. नव्या परवान्यासाठी गुण नव्हेत. आणि पैसे आधी. २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांहून लहान खणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं ठरवलं. ८ जानेवारी २०२०च्या आदेशात तर खाणकाम संपल्यावर ती जमीन पुन्हा गवताखाली आणायची, गुरांना चारा आणि जिवांना आसरा मिळेल अशी करायची, खर्च परवानाधारकानं करायचा, असं स्पष्ट म्हटलंय. आदेश चांगला आहे, फक्त त्यातला ‘संपल्यावर’ घात करतो. खण संपते तेव्हा मालकाची कंपनी संपलेली असते, पोकलेन दुसऱ्या गावाला गेलेला असतो आणि मागं राहतो तो सात-बाराच्या उताऱ्यावरचा, इकडच्या भाषेत पहाणीवरचा, एक नंबर. अनामत रक्कम दरवर्षीच्या उत्खननाप्रमाणं आधी जमा व्हायला हवी आणि टप्पा पूर्ण झाला तरच सुटायला हवी. मालक म्हणतील, ब्रासचा दर वाढेल. वाढेल. आज तो कमी दिसतो, कारण उरलेला खर्च विहीर आटलेला शेतकरी आणि छातीत धूळ गेलेला मजूर भरतोय.

दुसरा आक्षेप गावातून येईल आणि तो जास्त जड आहे. अभयारण्य म्हटलं की खानापूर तालुक्यात माणसाच्या पोटात गोळा येतो. २०११ मध्ये भीमगड जाहीर झालं, तेव्हापासून आतल्या वाड्यांचा रस्ता, वीज, पूल, सगळंच अडतं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा आला की गावोगावी ठराव होतात. उद्या खणीत पाखरं आली म्हणून वनखातं आलं आणि आमची गुरं बंद झाली तर? म्हणूनच मी अभयारण्य म्हणत नाही. वन्यजीव कायद्याला हात लावायचीच गरज नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक पंचायतीत समिती असायला हवी, ती कागदावर असतेही. तिला काम द्या. किती लहान जागा राखता येते याचं उदाहरण घाटमाथ्यावर आहे: आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी नवीन सापडलेल्या माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं, क्षेत्र २.११ हेक्टर. मंदिर चालू, पूजा चालू, मासा राहिला. तीच हिरण्यकेशी पुढं संकेश्वरला येते. एकमेकींना चिकटलेल्या आपल्या तीन-चार खणी मिळून त्या जागेहून मोठ्या होतील.

आणि गावाला खणीतून काहीतरी रोकडं मिळालं पाहिजे, नाहीतर घुबडासाठी कुणी बसणार नाही. सर्वांत सोपी गोष्ट पाणी. चालू खणीतलं पाणी पंपानं उपसून नाल्यात सोडतात, आजूबाजूच्या विहिरी खाली जातात आणि एप्रिलमध्ये त्याच खणीतून टँकर भरून विकला जातो. हे पाणी तपासून, पाइपनं शेजारच्या शेतांना द्यायची अट घालायला कुठल्या नव्या कायद्याची वाट बघायची?

इथवर मी खणींच्या बाजूनं बरंच बोललो. आता जिथं ही कल्पना लागूच होत नाही ते सांगतो, कारण उद्या हाच लेख कुणीतरी तिथं दाखवील.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळी पठारावर, नाही. काळ्या दगडाच्या खणीत मौल्यवान अधिवास खणल्यावर तयार होतो. सड्यावर तो आधीच आहे आणि वरच्या वीतभर थरातच आहे. उन्हाळ्यात बघितलं तर करपलेला कातळ, म्हणून महसूल खातं त्याला पडीक म्हणतं आणि चिरेखाणवाले त्यावर चौकोन आखतात. ऑगस्टमध्ये तिथं जाऊन गुडघ्यावर बसावं. बोटभर मातीत गेंदाची पांढरी बोंडं, त्यांच्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, कडेला चिकट केसांनी किडे पकडणारी दवबिंदू. मातीत पोषण नाही म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे खातात. त्यांना खत घातलं तर ती मरतात आणि गवत माजतं. दगडाखाली फुरसं आणि पाली, डबक्यात बेडकांची पिल्लं. हा सगळा संसार चिऱ्याच्या पहिल्या थराबरोबर निघून जातो आणि नंतर कितीही पैसे ठेवले, कितीही उतार काढले तरी परत येत नाही. सड्यातून झिरपणारं पाणी खालच्या झऱ्यांना जातं ते वेगळंच. चिरेखाण संपल्यावर त्यात माती टाकून काजू लावला की ‘हिरवं केलं’ असं म्हणतात. काजूला माझी हरकत नाही, पण जे होतं त्याच्या जागी ते बसत नाही.

सड्याचं दुसरं संकट म्हणजे तो दोन राज्यांत पसरलाय. चंदगडकडचा सडा महाराष्ट्राच्या २०१३च्या गौण खनिज नियमांखाली, खानापूरकडचा कर्नाटकाच्या १९९४च्या. एकीकडं कडक झालं की मशीन आठ-दहा किलोमीटर सरकतं. सीमेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे आणि तो सुटेल तेव्हा सुटेल; पण कोल्हापूर आणि बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सड्यांची एक यादी एकत्र करायला कुणाची हरकत असावी? पुराच्या वेळी आलमट्टी आणि हिप्परगीच्या पाण्यावर दोन्हीकडचे अधिकारी बोलतातच की.

गुहांजवळही नाही. भीमगडच्या जंगलातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, १९१३ मध्ये विज्ञानाला माहीत झालेलं. कित्येक वर्षं त्याची जगातली दुसरी वस्ती कुणाला ठाऊक नव्हती. अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नको, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये पुन्हा सांगितलंय. सुरुंगाचा हादरा चुन्याच्या गुहेत कुठवर जातो हे किलोमीटरच्या दगडावर ठरत नसतं, त्यामुळं तिथं एकाचे दोन केले तरी मला चालेल.

राहता राहिला कागद. खणीचा विषय पंचायतीपुढं येतो तेव्हा नोटीस कन्नडमध्ये असते, आराखडा इंग्रजीत असतो आणि सभेत बसलेल्यांपैकी निम्म्यांना दोन्ही नीट वाचता येत नाही. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, तोंडी सांगतात, “क्वारीचं आहे, रिन्यूअलचं,” आणि सह्या होतात. ज्या भागात पंधरा टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्याक भाषा बोलतात तिथं सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे देशाचं १९५६ पासूनचं ठरलेलं धोरण आहे. मोर्च्यात आपण ते पाट्यांसाठी मागतो. मला ते खणीच्या नकाशासाठी जास्त हवं आहे: हद्दीचे कोपरे कुठं, खोली किती मीटर, कुठल्या बाजूला उतार, कुठल्या भिंतीला कुठल्या महिन्यात हात लावायचा नाही, सुरुंगाची वेळ काय, अनामत किती जमा. हे एका पानावर, मराठीत आणि कन्नडमध्ये, फाटकावर आणि पंचायतीच्या भिंतीवर लागलं पाहिजे. ते लागेपर्यंत नूतनीकरणाचा ठराव पुढच्या सभेवर ढकलायचा अधिकार सदस्यांना आहे, आणि तो वापरायला इंग्लंडला जावं लागत नाही.